घराच्या कागदांतली ती मुलगी: तुलसा, ओक्लाहोमा आणि पश्चिमेकडे सरकत गेलेली अमेरिका

दारचीतुळस

नमस्कार मंडळी,

सहा वर्षांपूर्वी आम्ही तुलसाला आलो आणि गेल्या दिवाळीत इथे घर घेतलं. ओक्लाहोमात घर घेताना त्या जमिनीच्या सगळ्या व्यवहारांचं एक जाडजूड बाड हातात येतं, त्याला इथे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणतात. आपल्याकडे वकील तीस वर्षांचा सर्च काढतात ना, तसंच. फक्त हे थेट पहिल्या मालकापर्यंत जातं. कपाट आवरताना माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने ते उघडलं आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून वाचत राहिलो.

पहिला दस्त १९०३ चा आहे. मस्कोगी (क्रीक) या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राने आपल्या एका नागरिकाला १६० एकर जमीन दिली, खाली त्यांच्या मुख्य प्रमुखाची सही. सोबतच्या कागदावर त्या नागरिकाचं वय लिहिलंय: तीन वर्षं. मुलगी. पुढचा दस्त १९१० चा. कोर्टाने नेमलेल्या पालकाने तिच्या वतीने सगळी जमीन विकली. पालकाचं आडनाव वेगळं, नातं कुठेच लिहिलेलं नाही. त्यानंतर तेलाचा भाडेपट्टा, मग बँक, मग प्लॉट पाडल्याचा नकाशा, मग एकामागून एक घरमालक आणि शेवटी आम्ही. त्या मुलीचं नाव १९१० नंतर एकदाही येत नाही.

लेक म्हणाली, "आई, मग ती कुठे गेली?"

त्याच आठवड्यात तिने शाळेसाठी पुठ्ठ्याची छपराची बैलगाडी केली होती. पश्चिमेकडे निघालेल्या धाडसी कुटुंबांचा धडा आहे त्यांना. धड्यात ही मुलगी नाही. मला विचारायचंय ते हे: तीन वर्षांच्या पोरीच्या नावावर १६० एकर आले कसे आणि गेले कसे? आणि मी लेकीला काय सांगू?

---

गणिती

चांगला धागा. आधी आकडे मांडतो, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे राहील.

१८०३: फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रदेश, सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल, दीड कोटी डॉलरला. देश एका सहीत दुप्पट झाला. एकरी साधारण तीन सेंट पडले.
१८४५: टेक्सास सामील.
१८४६: ब्रिटनशी करार, ओरेगॉन.
१८४८: मेक्सिकोशी युद्ध संपलं. कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा बहुतेक भाग आणि आणखी काही, पुन्हा दीड कोटी डॉलरच.
१८६७: रशियाकडून अलास्का, ७२ लाख डॉलर.

माझं मत स्पष्ट सांगतो. जगातलं प्रत्येक मोठं राज्य असंच वाढलंय. लेकीला खरं जरूर सांगा, पण तिच्या मनात अपराधीपणा पेरू नका. तिने कुणाचं काही घेतलेलं नाही.

---

पाटीपेन्सिल

मी घाईत "ग्रीक राष्ट्र" वाचलं आणि दोन मिनिटं ग्रीक लोक ओक्लाहोमात कसे पोचले याचा विचार करत होतो. :) धागा वाचनखुणेत टाकला.

---

मोडीवाला

@गणिती, आकडे बरोबर आहेत, पण "फ्रान्सकडून विकत घेतलं" यात एक मोठी गफलत लपते. त्या ८ लाख चौरस मैलांतल्या फार थोड्या जागेवर फ्रान्सचा खरा ताबा होता. विकला तो हक्क होता: इथल्या मूळ रहिवाशांकडून जमीन घ्यायची तर ती फक्त आम्हीच घेऊ शकतो, दुसरा युरोपीय देश नाही, एवढा. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच कायद्यात बसवलं. मूळ रहिवासी जमिनीवर राहू शकतात, पण विकायची तर सरकारलाच. प्रत्यक्ष जमीन नंतरच्या दशकांत शेकडो तह करून घेतली गेली. काही तह दमदाटीने झाले, काही अशा माणसांच्या सह्यांनी, ज्यांना सही करायचा अधिकारच नव्हता.

आता तुळसताईंचा प्रश्न. क्रीक, म्हणजे मस्कोगी, लोक मूळचे आजच्या अलाबामा आणि जॉर्जियाचे. गावं करून राहणारे, मका पिकवणारे. गोऱ्यांना कापसासाठी ती जमीन हवी होती. १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या काळात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला की पूर्वेकडच्या जमातींना मिसिसिपीच्या पलीकडे हलवायचं. चोक्टॉ आधी निघाले. चेरोकी लोकांची गोष्ट तर वाचवत नाही. त्यांच्यातल्या सिक्वोया नावाच्या माणसाने, ज्याला कोणतीच भाषा लिहिता-वाचता येत नव्हती, आपल्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी बनवली. १८२८ मध्ये त्या लिपीत वर्तमानपत्र निघालं. लिखित राज्यघटना होती. ते कोर्टात गेले आणि १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला. तरीही १८३८ मध्ये सैन्याने घराघरातून माणसं बाहेर काढली. सुमारे १६ हजार लोक चालवले गेले, साधारण ४ हजार मेले असं मानतात. 'अश्रूंची वाट' म्हणतात ती हीच.

क्रीक लोकांना १८३६ मध्ये हाकललं, काहींना बेड्या घालून. १८३७ च्या ऑक्टोबरात त्यांना नेणारी 'मॉनमथ' ही आगबोट मिसिसिपी नदीत दुसऱ्या जहाजावर आदळली. तीनशेहून जास्त माणसं त्या एका रात्रीत बुडाली.

आणि हे सगळं करताना वचन दिलं होतं की नवी जमीन कायमची तुमची. ती जमीन म्हणजे आजच्या ओक्लाहोमाचा पूर्व भाग. तुळसताईंचं घर त्या वचनावर उभं आहे.

(१६० एकरांचं उद्या लिहितो, इथे मध्यरात्र झालीय.)

---

जोंधळा

मोडीवाल्यांनी लिहिलेलं मान्य. पण पुठ्ठ्याच्या बैलगाडीतल्या माणसांबद्दलही चार शब्द लिहू द्या. मी शेतकऱ्याच्या घरचा, परभणीकडचा. नोकरीनिमित्त तीन वर्षं नेब्रास्कात काढली, तिथलं एक जुनं ढेकळांचं घर पाहून आलोय.

१८६२ चा होमस्टेड कायदा म्हणजे: १६० एकर घ्या, पाच वर्षं तिथे राहा, कसा, सुधारा, किरकोळ फी भरा, जमीन तुमची. एकट्या बाईला, विधवेलाही अर्ज करता येत होता. गुलामीतून सुटलेल्यांनाही. कॅन्ससमध्ये १८७७ साली त्यांनी निकोडेमस नावाचं गाव वसवलं, ते अजून आहे. पण त्या माळावर झाड नाही, लाकूड नाही. मग गवताच्या मुळांसकट जमिनीची ढेकळं कापायची, विटांसारखी रचायची आणि त्यात राहायचं. पावसात छत गळायचं, भिंतीतून साप यायचे. जळण काय, तर गव्याचं, म्हणजे तिथल्या बायसनचं, वाळलेलं शेण! आपल्या गोवऱ्याच की. बायका ओट्यात गोळा करून आणायच्या. १८७४ मध्ये टोळधाड आली, तिने उभं पीक तर खाल्लंच, पण लाकडी दांडे आणि कपडेही कुरतडले. कित्येक जण पाच वर्षं पुरी होण्याआधीच सोडून गेले.

ती माणसं नॉर्वे, स्वीडन, जर्मनी, बोहेमियाहून आलेली गरीब कुळं होती. जमिनीची भूक काय असते ते मला कळतं. माझ्या आजोबांनी अडीच एकरांसाठी आयुष्य घातलं. त्या शेतकऱ्याला खलनायक करायला माझं मन धजत नाही.

---

सावरीचा_कापूस

जोंधळाकाका, गोवऱ्यांवरून आठवलं. ज्या गव्यांचं शेण जाळत होते, ते गवेच पुढच्या पंधरा वर्षांत संपले. १८०० च्या सुमारास किमान तीन कोटी तरी होते असं धरतात, आणि १८८० च्या दशकाच्या शेवटी जेमतेम काहीशे उरले. कातड्याला पूर्वेकडच्या कारखान्यांत मागणी होती, यंत्रांचे पट्टे करायला. रेल्वेने कातडी वाहिली. आणि लकोटा, शायेन, कायोवा या लोकांचं अन्न, तंबू, पांघरूण, दोर सगळं त्याच जनावरावर. गवा गेला की माणूस शिध्यासाठी सरकारी छावणीच्या दारात उभा राहतो, हे लष्करातल्या अधिकाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

---

मोडीवाला

आता १६० एकर.

क्रीक लोकांत जमीन सगळ्यांची सामाईक असायची. कसाल तोवर तुमची, सोडलीत की परत गावाची. विकण्याची कल्पनाच नव्हती. १८८७ मध्ये काँग्रेसने ठरवलं की सामाईक जमिनीमुळे हे लोक 'मागास' राहतात. ती तोडून माणशी वाटा, उरलेली गोऱ्या वसाहतकऱ्यांना खुली करा. याचा परिणाम असा: देशभरातल्या मूळ रहिवाशांकडे १८८७ मध्ये १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती, १९३४ मध्ये ४ कोटी ८० लाख उरली.

क्रीक, चेरोकी आदी पाच राष्ट्रं सुरुवातीला त्या कायद्याबाहेर होती. १८९८ च्या कायद्याने त्यांनाही ओढलं. मग सरकारी आयोगाने घरोघरच्या माणसांची यादी केली, प्रत्येकाला क्रमांक दिला, मूळ रहिवाशांचं 'रक्त किती' तेही लिहिलं आणि क्रीक राष्ट्रात माणशी १६० एकर तोडून दिले. माणशी म्हणजे पाळण्यातल्या पोरालासुद्धा. म्हणून तीन वर्षांची मालकीण.

चिट्टो हार्जो नावाच्या क्रीक पुढाऱ्याने याला कडवा विरोध केला. पकडला गेला, तुरुंगात गेला. १९०६ मध्ये सिनेटची समिती आली, तेव्हा त्याने उभं राहून जुन्या तहांची आठवण करून दिली. तुळसताई, ती सुनावणी तुमच्या तुलसातच झाली होती.

---

काळाकोट

पुढचा भाग मी सांगतो. माझं क्षेत्र जमिनीचे दावे आहे, भारतातले. त्यामुळे त्या १९१० च्या दस्तावर नजर खिळली.

सुरुवातीला हे वाटे विकायला बंदी होती. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. मे १९०८ मध्ये काँग्रेसने बऱ्याच जणांवरची बंदी उठवली आणि अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलांची मालमत्ता स्थानिक काउंटी कोर्टांच्या हाती दिली. तेवढ्यात जमिनीखाली तेल लागलेलं. मग काय, वकील, व्यापारी, जमिनीचे दलाल यांनी 'पालक' म्हणून नेमणुका मिळवल्या. एकेकाकडे डझनावारी मुलं. आई-बाप जिवंत असताना! जमीन आपल्याच ओळखीच्याला विकायची, वर पालकाची फी कापून घ्यायची. कागदावर सगळं कायदेशीर: अर्ज, नोटीस, आदेश, खरेदीखत. मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. चोरी झाली असती तर दाद मागायला जागा होती. इथे कोर्टच पालक नेमत होतं.

---

निंबोळी

@काळाकोट, याचंच नोंद असलेलं उदाहरण: सारा रेक्टर. १९०२ चा जन्म. कृष्णवर्णीय मुलगी, तिचे पूर्वज क्रीक लोकांकडे गुलाम होते. हो, या पाच राष्ट्रांतल्या काही लोकांकडे गुलाम होते आणि अश्रूंच्या वाटेवर ते गुलामही चालत आले. १८६६ च्या तहाने क्रीक राष्ट्राने त्यांना नागरिक मानलं, म्हणून साराला १६० एकर मिळाले, खडकाळ, शेतीला निरुपयोगी. बापाला कर भरणं जड जात होतं, म्हणून त्याने जमीन तेल कंपनीला भाड्याने दिली. १९१३ मध्ये तिथे रोज २५०० पिंपं तेल उसळायला लागलं. अकरा वर्षांच्या पोरीला लगेच गोरा पालक नेमला गेला. तिच्यावर वर्तमानपत्रांचं, कृष्णवर्णीय संघटनांचं लक्ष गेलं म्हणून तिची संपत्ती बरीचशी टिकली. बाकी किती मुलं कुणाच्या लक्षातच आली नाहीत.

या विषयात बाजू दोनच नाहीत, हे मला यातून कळलं.

---

कृष्णाकाठ

हा धागा वाचून झोप लागली नाही. आमचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागरात आहे. म्हणजे पाण्याखाली. आजीला १९६० च्या आसपास उठवलं, जमीन दिली रायगडात. दिली म्हणजे कागदावर. प्रत्यक्ष ताबा घ्यायला गेले तर तिथे दुसराच कुणी कसत होता. वडिलांची निम्मी हयात एका कार्यालयाच्या पायऱ्यांवर गेली. आजी मरेपर्यंत गावदेवाचं नाव घेऊन "तो पाण्यात एकटा हाय" म्हणायची.

तुळसताई, लेकीला काय सांगू असं विचारता. माझं एकच मागणं आहे: त्या मुलीचं नाव घेऊन सांगा. आमच्या आजीचं नाव कुठल्याच प्रकल्पाच्या पुस्तकात नाही.

---

गणिती

@कृष्णाकाठ, वाचून वाईट वाटलं. पण धरण आणि हे एका तराजूत नको. धरणाने वीज दिली, ती आपल्याच राज्याला. इथे एक देश दुसऱ्यांच्या भूमीवर पसरत होता.

मोडीवाला

गणितींशी सहमत, तुलना ताणू नये. पण "कायदेशीरपणे हललेला माणूस" ही गोष्ट कृष्णाकाठना आपल्यापेक्षा आतून कळते. ते त्याबद्दलच बोलताहेत.

कृष्णाकाठ

तेच म्हणायचं होतं. धन्यवाद.

---

सिएराचा_वारा

कॅलिफोर्नियातून. इथे १८४८ च्या जानेवारीत कोलोमाला सोनं सापडलं, आणि फेब्रुवारीच्या दोन तारखेला मेक्सिकोने तहावर सही केली. सोन्याची बातमी मेक्सिकोपर्यंत पोचलेलीसुद्धा नव्हती. रात्रीत हजारो मेक्सिकन कुटुंबं घर न हलवता दुसऱ्या देशात गेली. आमच्या शेजारच्या आजी अजून म्हणतात, "आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेने आम्हाला ओलांडलं." त्यांच्या समाजात हे सगळेच म्हणतात. तहात जमिनी शाबूत राहतील असं होतं, पण १८५१ नंतर प्रत्येकाला सरकारी मंडळापुढे आणि मग बहुतेकदा कोर्टात मालकी सिद्ध करावी लागली. वर्षानुवर्षं खटले चालले, वकिलांची फी देता देता जमिनी विकल्या गेल्या.

इथल्या मूळ रहिवाशांचं मात्र सरळ शिरकाण झालं. सोन्याआधी सुमारे दीड लाख होते, १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास. १८५१ मध्ये राज्याच्या पहिल्या गव्हर्नरने विधिमंडळात सांगितलं की ही वंश संपेपर्यंतची लढाई चालूच राहणार. २०१९ मध्ये राज्याने माफी मागितली.

आणि सिएरा पर्वत फोडून रेल्वे आणली ती चिनी मजुरांनी, दहा हजारांहून जास्त. १८६७ मध्ये त्यांनी समान पगारासाठी संप केला तर रसद तोडली. १८६९ मध्ये रेल्वे जोडली गेली, १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशाचं दार बंद.

---

सोनचाफा

अवांतर, पण मराठी माणसाला माहीत असावं असं. फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आपल्या आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तिथेच त्याच वर्षीच्या शरदात नेब्रास्काच्या ओमाहा जमातीची एक मुलगी दाखल झाली: सुझन ला फ्लेश. १८८९ मध्ये ती डॉक्टर झाली, अमेरिकेच्या मूळ रहिवासी स्त्रियांतली पहिली. लहानपणी तिने एक आजारी म्हातारी डॉक्टरची वाट बघत मेलेली पाहिली होती. गोरा सरकारी डॉक्टर आलाच नाही. शिकून ती आपल्या लोकांत परतली, बर्फातून घोड्यावर मैलोन्मैल फिरली, क्षयाशी झगडली आणि १९१३ मध्ये वॉल्टहिलला इस्पितळ उभारलं. जमिनीचे वाटे फसवून घेणाऱ्यांविरुद्ध वॉशिंग्टनपर्यंत भांडली.

आनंदीबाईंना परत येऊन काम करायला आयुष्यच मिळालं नाही. सुझनला २६ वर्षं मिळाली. तुळसताई, लेकीला ही गोष्ट जरूर सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला फक्त हरलेल्यांच्या गोष्टी सांगू नयेत.

---

पाटीपेन्सिल

सोनचाफा +१. अंगावर काटा आला. इतकी वर्षं आनंदीबाईंवर वाचतोय, हे ठाऊक नव्हतं.

---

काळाकोट

सोनचाफांच्या शेवटच्या वाक्याला जोड. ९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की काँग्रेसने मस्कोगी राष्ट्राचं राखीव क्षेत्र कधीच रद्द केलेलं नाही, त्यामुळे गुन्हे कायद्यापुरतं ते आजही त्यांचं क्षेत्र आहे. तुलसाचा मोठा भाग त्यात येतो. निकालाचं पहिलं वाक्य असं: "अश्रूंच्या वाटेच्या पलीकडल्या टोकाला एक वचन होतं."

यामुळे कुणाच्या घराची मालकी बदलत नाही, तुळसताईंनी निर्धास्त असावं. पण ज्यात ते वचन दिलं होतं तो तह मेलेला नाही, हे कोर्टाने सांगितलं. एकशे ऐंशी वर्षांनी.

---

सावरीचा_कापूस

@दारचीतुळस, एक कामाची गोष्ट. आयोगाने केलेल्या नोंदणीची कार्डं जपून ठेवलेली आहेत, ओक्लाहोमाच्या इतिहास संस्थेच्या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतं. कार्डावर आई-वडिलांची नावं असतात. क्रीक लोकांच्या कार्डावर त्यांचं मूळ गावही असतं, म्हणजे अलाबामाहून जे नाव बरोबर आणलं ते.

---

दारचीतुळस

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला एकेक करून वाचून दाखवले. गोवऱ्यांचं ऐकून तिने जोंधळाकाकांना नमस्कार सांगितलाय.

कार्ड सापडलं. कृष्णाकाठ, तिचं नाव आम्ही घरात घेतो. इथे लिहीत नाही, कारण तिचे वारस असतील आणि ते नाव त्यांचं आहे. आईचं नाव आहे. वडील १९०० च्या आधीच वारलेले. म्हणजे कोर्टाने पालक नेमला तेव्हा आई असेलच तर तिला कुणी विचारलं होतं की नाही, ते कार्ड सांगत नाही. गावाचं नाव: लोचापोका.

ते नाव बघून मी जागीच थांबले. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर नदीकाठच्या टेकाडावर एक जुना ओक आहे, भोवती छोटी बाग. १८३६ मध्ये अलाबामाहून आलेल्या लोचापोकाच्या लोकांनी आपल्या गावच्या होमातली राख वाटभर जपून आणली, ती या झाडाखाली ठेवली आणि नवा विस्तव पेटवला. या शहराची सुरुवात तिथून. तुलसा हे नावही त्यांचंच, अर्थ 'जुनं गाव'. सहा वर्षं मी सगळ्यांना हौसेने सांगत आले की आमच्या गावाच्या नावात तुळस आहे!

रविवारी आम्ही तिथे गेलो. मस्कोगी समाजातल्या एक वयस्क बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. लेकीने धीर करून त्यांना सगळं सांगितलं, आमच्या घराचं, कार्डाचं. मला वाटलं त्यांना अवघड होईल. त्यांनी तिला लोचापोका हा शब्द नीट म्हणायला शिकवलं, तीन वेळा म्हणून घेतला. मग म्हणाल्या, त्या मुलीचं पुढे काय झालं ते शोधायचं असेल तर ओक्मल्गीला आमच्या राष्ट्राच्या कचेरीत या, तिथे विचारता येईल.

पुढच्या शनिवारी जातोय. पुठ्ठ्याची गाडी लेकीने मोडली नाही. शाळेत द्यायच्या तक्त्यावर गाडीच्या शेजारी तिने ओकचं झाड काढलंय आणि त्याखाली तीन वर्षांची एक मुलगी.

---

कृष्णाकाठ

शनिवारी काय कळतं ते नक्की लिहा, ताई. वाट बघतोय.